सुके ओठ, कोरडे चट्टे: गोव्याच्या हवेत बाम कसा निवडावा

गोव्याची हवा दमट, मग ओठ फुटतात कशाने, असा प्रश्न फार्मसीच्या काउंटरवर नेहमी ऐकू येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी घाटाकडून येणारा पूर्वेचा वारा कोरडा असतो. पणजीत पहाटे पारा २० अंशांच्या आसपास येतो, सांगे-वाळपईकडे त्याहून खाली. बाकीच्या महिन्यांत हे काम एसी करतो: आठ तास थंड, कोरड्या हवेत बसायचे आणि मग स्कूटरवरून तोंडावर वारा घेत घरी यायचे. त्यात समुद्राचे खारे पाणी आणि बारा महिने ऊन. ओठांच्या त्वचेत तेलग्रंथी जवळपास नसतात, घामाच्या ग्रंथी तर नसतातच, आणि वरचा थरही पातळ असतो. गाल किंवा हात आपले आपण थोडेफार सावरतात, ओठांना ते जमत नाही.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. बाम त्वचेला पाणी देत नाही. त्वचेत असलेले पाणी उडून जाण्यापासून अडवतो, एवढेच. पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: कोरडेपणा कशाचा ते पाहा

डबी विकत घेण्याआधी आरशासमोर उजेडात दोन मिनिटे उभे राहा.

फुटलेपणा फक्त ओठांवर आहे, की ओठांभोवती लालसर कडेही आहे? कडे असेल तर बहुतेक वेळा ओठ चाटण्याची सवय असते. लाळ सुकताना ओठातला ओलावाही घेऊन जाते, आणि तिच्यातली पाचक द्रव्ये नाजूक त्वचेला त्रास देतात. मुलांमध्ये हे फार दिसते. म्हणून मुलांसाठी स्ट्रॉबेरी किंवा चॉकलेटच्या चवीचा बाम अजिबात घेऊ नका. चव लागली की मूल आणखी चाटणार.

त्रास टूथपेस्ट बदलल्यानंतर सुरू झाला का? दालचिनी, पुदिना यांच्या तीव्र स्वादाने आणि सोडियम लॉरिल सल्फेट या फेस आणणाऱ्या घटकाने काहींचे ओठ सोलवटतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ कोरडे पडणारच, हा त्या औषधाचा ठरलेला परिणाम आहे. त्या काळात घट्ट, बिनवासाचा बाम दिवसातून सहा-आठ वेळा लावावा लागतो. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

एप्रिल-मे महिन्यांत आणखी एक कारण येते, आणि गोव्यात ते सर्रास चुकीचे ओळखले जाते. आंब्याच्या देठाजवळचा चीक ओठांना, हनुवटीला लागला की एक-दोन दिवसांनी तिथे खाज येते, बारीक पुरळ उठते, मग त्वचा काळवंडून सोलते. काजूच्या टरफलातले तेल तर हाताची कातडी भाजल्यासारखी करते. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, आणि त्यांच्या चिकातली त्रासदायक द्रव्येही एकमेकांच्या नात्यातली. अशा वेळी ‘कोरडेपणा’ समजून बाम चोळत बसलात आणि आंबा सालीसकट चोखत राहिलात तर काही उपयोग नाही. देठाकडचा भाग कापून टाका, आंबा धुवा, साल काढून फोडी खा. चीक लागलाच तर लगेच साबणाने धुवा.

उर्राकाच्या (काजूच्या हंगामी दारूच्या) दिवसांत लिंबू पिळून हात न धुता उन्हात बसणाऱ्यांच्या बोटांवर आणि ओठांच्या कडेला काळपट डाग पडतात, तेही कोरडेपणाचे नसतात. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की त्वचा भाजते. डाग काही आठवड्यांत किंवा महिन्यांत फिका होतो. बाम तो लवकर घालवत नाही, फक्त ऊन टाळा.

आता अंगावरच्या चट्ट्यांकडे. इथे घाई महागात पडते, कारण दिसायला कोरडे असणारे सगळेच चट्टे कोरडेपणाचे नसतात. पोटरीवर, कोपरावर, हाताच्या मागच्या बाजूला पांढरट, खरखरीत, कडा अस्पष्ट असलेला भाग असेल आणि आंघोळीनंतर तो जास्त ओढल्यासारखा वाटत असेल तर तो साधा कोरडेपणा. मुलांच्या गालावरचे फिकट, किंचित खवल्यांचे डाग बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. लोक त्याला जंत किंवा कॅल्शियमची कमतरता म्हणतात, तसे काही नसते. बिनवासाचा मॉइश्चरायझर आणि उन्हापासून बचाव एवढ्याने काही महिन्यांत ते मावळतात.

कडा उठलेली, लालसर, मधे साफ होत बाहेर पसरणारी आणि खाजणारी गोल चकती म्हणजे नायटा. छाती-पाठीवर घामाच्या जागी फिके किंवा तपकिरी ठिपके आणि नखाने खरवडल्यावर कोंड्यासारखी पूड निघत असेल तर शिबे. दोन्ही बुरशीचे रोग आहेत आणि आपल्या पावसाळ्यात भरपूर दिसतात. नायट्यावर तेलकट बामचा थर दिला की घाम आणि ऊब आत कोंडते आणि बुरशीचे फावते. शिब्यांची बुरशी तर स्निग्ध पदार्थांवरच जगते, तिच्यावर खोबरेल चोळणे म्हणजे तिला जेवण वाढणे. यांना बुरशीनाशक औषध लागते.

इथे एक विनंती कळकळीची आहे. चट्टा दाखवून कुणी तुम्हाला स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब देत असेल तर घेऊ नका. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे ट्यूबवर दिसली तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावायची नाही, चेहऱ्यावर तर मुळीच नाही. चार दिवस खाज थांबते, म्हणून माणूस खूश होतो. मग नायटा दुप्पट पसरतो आणि त्याचे मूळ रूप इतके बदलते की डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो.

आणि फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कमी कळत असेल तर थेट डॉक्टरांकडे जा. कापसाचे टोक डोळे मिटून त्यावर आणि शेजारच्या चांगल्या त्वचेवर फिरवून पाहा. बधिर चट्टा हे कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. तो पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत आहेत, पण उशीर झाला तर नसांना झालेली इजा भरून येत नाही.

दुसरी पायरी: घटकांची यादी वाचायला शिका

डबीवर पुढे काय छापले आहे ते सोडून द्या. ‘नॅचरल’, ‘हर्बल’, ‘डीप रिपेअर’ या शब्दांवरून काही कळत नाही. डबी उलटी करा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणजे पहिली चार-पाच नावे म्हणजेच तो बाम. १ टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमाने येऊ शकतात. म्हणून पुढे ठळक अक्षरांत ‘केशर’ किंवा ‘बदाम’ लिहिलेले असले आणि यादीत ते सुगंधाच्याही मागे असले, तर त्या केशराचे पैसे देऊ नका.

यादीत तीन प्रकारची नावे शोधायची.

अडवणारे: पेट्रोलॅटम म्हणजे पेट्रोलियम जेली, मधमाश्यांचे मेण, कँडेलिला किंवा कार्नोबा मेण, मिनरल ऑइल, डायमेथिकोन, लॅनोलिन. पाणी अडवण्यात पेट्रोलॅटम या सगळ्यांत वरचढ आहे. ते स्वस्त आहे, त्याला वास नाही आणि त्याची ॲलर्जी क्वचितच होते.

मऊ करणारे: शिया बटर, कोको बटर, कोकम बटर, खोबरेल, एरंडेल. हे खवल्यांमधल्या फटी भरतात आणि खरखर जाते.

पाणी ओढून धरणारे: ग्लिसरिन, हायलुरोनिक ॲसिड, युरिया. यांच्यावर अडवणारा थर नसेल तर कोरड्या हवेत ते आतले पाणीच वर ओढतात आणि ते उडून जाते. नुसते ग्लिसरिन ओठांना लावून एसीत बसणाऱ्यांचे ओठ म्हणूनच संध्याकाळी आणखी ओढल्यासारखे होतात.

चांगल्या लिप बामच्या यादीत पहिल्या तिनात अडवणारा घटक हवाच. अंगावरच्या चट्ट्यासाठी ग्लिसरिन किंवा ५ ते १० टक्के युरिया, सोबत पेट्रोलॅटम, आणि जमल्यास सेरामाइड (त्वचेत मुळात असलेले स्निग्ध द्रव्य). कोपर, टाचा यांसारख्या जाड जागी त्याहून जास्त युरिया चालतो. ओठांवर, चिरलेल्या जागी किंवा लहान मुलांच्या चेहऱ्यावर युरिया लावू नका, झोंबतो.

टाळायची नावे: मेंथॉल, कापूर, फिनॉल, सॅलिसिलिक ॲसिड, युकॅलिप्टस, दालचिनी, पेपरमिंट तेल, आणि ‘फ्रेग्रन्स’ किंवा ‘फ्लेवर’. लावल्यावर गार किंवा चुरचुरीत वाटते, लोकांना ते काम करत असल्याची खूण वाटते. प्रत्यक्षात ओठ चुरचुरतात, पुन्हा कोरडे वाटतात आणि हात पुन्हा डबीकडे जातो. डोकेदुखीच्या बामची डबी घरात हाताशी असते म्हणून ती ओठांना लावणारेही आहेत. तिच्यात हीच द्रव्ये भरपूर असतात. लॅनोलिन, प्रोपोलिस (मधमाश्यांचा डिंक) आणि एरंडेलाची ॲलर्जी काहींना असते, त्यामुळे बाम लावूनच त्रास वाढत असेल तर यादीत ही तीन नावे आधी शोधा. शाकाहाराच्या दृष्टीने पाहणाऱ्यांसाठी: मेण मधमाश्यांचे, लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतले.

शेवटी बॅच नंबर, उत्पादन परवाना क्रमांक, वापराची अंतिम तारीख आणि उत्पादकाचे नाव-पत्ता तपासा. समुद्रकिनाऱ्याजवळच्या दुकानांत हाताने बांधलेल्या सुंदर डब्या मिळतात. त्यांच्यावर घटक आणि तारीख नसेल तर त्या ओठांना लावण्यासाठी घेऊ नका.

तिसरी पायरी: वेळेनुसार निवड

एकच बाम चोवीस तास वापरायचा आग्रह सोडा. दोन लागतात, आणि दोन्ही साधे चालतात.

दिवसाचा बाम उन्हासाठी. खालचा ओठ ऊन सरळ झेलतो आणि त्यात मेलॅनिन कमी असते. मच्छीमार, शेतमजूर, पायलट (मोटरसायकल टॅक्सी चालवणारे), बीचवर काम करणारे यांनी एसपीएफ ३० किंवा अधिक, शिवाय यूव्हीए संरक्षणाची खूण, उदाहरणार्थ पीए+++, असलेला बाम घ्यावा. दर दोन तासांनी, खाल्ल्या-प्यायल्यानंतर आणि पाण्यातून बाहेर आल्यावर तो पुन्हा लावायचा. ऊन अडवणाऱ्या रासायनिक द्रव्यांनी झोंबत असेल तर झिंक ऑक्साइडचा घ्या. तो किंचित पांढरा दिसतो, पण ओठांना सोसतो.

रात्रीचा बाम साधा: व्हाइट सॉफ्ट पॅराफिन किंवा पेट्रोलियम जेली, वास नसलेली. फार्मसीतली ही बहुधा सगळ्यात स्वस्त वस्तू. महागड्या बामने ओठ बरे होत नसतील तर आठवडाभर बाकी सगळे बंद करून फक्त ही लावून पाहा. निम्म्या वेळा त्रास बामच्या सुगंधाचाच असतो, असे आमचे मत झाले आहे.

अंगासाठी ऋतू पाहावा लागतो. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात काखेत, जांघेत, स्तनांखाली घट्ट बाम नको. त्या महिन्यांत पातळ लोशन पुरते. थंडीत पोटऱ्या आणि कोपर यांना घट्ट मलम. चेहऱ्यावर मुरुमे येत असतील तर खोबरेल आणि कोको बटर तिथे नको, ओठांपुरतेच ठेवा.

नवीन काहीही घेतले की आधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहा. लाली किंवा खाज आली नाही तर पुढे.

चौथी पायरी: लावायचे कसे

कोरड्या ओठावर बाम चोळला तर तो कोरडेपणावरच झाकण घालतो. आधी कोमट पाण्याने ओठ ओले करा. समुद्रात पोहून आलात तर गोड्या पाण्याने मीठ धुवा. टॉवेलने टिपा, पुसू नका. ओठ किंचित ओलसर असतानाच बाम लावा. तांदळाच्या दाण्याएवढा पुरतो. तो मधून कडेकडे नेत तोंडाच्या कोपऱ्यांपर्यंत पोचवा, कारण पहिली चीर बहुधा तिथेच पडते. सोललेली साल ओढून काढू नका आणि साखर-लिंबाने घासूही नका. रात्री थर देऊन झोपलात तर सकाळी ओल्या मऊ फडक्याने ती आपोआप सुटते.

अंगासाठी आंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूब पिळली की साधारण अर्धा ग्रॅम मलम येते, आणि ते बोटांसह दोन तळव्यांएवढ्या भागाला पुरते. लोक याच्या एक-चतुर्थांश लावतात आणि मलम वाईट आहे म्हणतात. केसांच्या दिशेने हलकेच पसरा, उलटे रगडले तर केसांच्या मुळाशी फोड येतात. आंघोळीचे पाणी कोमट, साबण फक्त घामाच्या जागी. पॅराफिनचे मलम जिरलेले कपडे पटकन पेट घेतात. ते अंगावर असताना चूल, गॅस आणि समई यांच्यापासून जपून राहा.

भिरंडेल: घरचा, पण नीट वापरायचा

कोकमाच्या म्हणजे भिरंडीच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तरंगते ते भिरंडेल. थंड झाले की घट्ट होते, मग त्याचे गोळे वळतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि मे महिन्यातल्या पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) खरेदीत ते मिळते. टाचांच्या भेगांवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच लावतात आणि ते योग्यच आहे. सुमारे ३८ ते ४२ अंशांना वितळते, त्यामुळे खोबरेल पाणी होते त्या उन्हाळ्यातही ते घट्ट राहते. गोळा घेताना नखाने ओरखडून वास घ्या. सौम्य वास ठीक, खवट असेल तर जुना माल.

नुसते भिरंडेल ओठांवर कडक पडते आणि तुकड्यांनी निघते. त्याचा बाम करायचा तर ३० ग्रॅमसाठी हे प्रमाण घ्या: मधमाश्यांचे मेण ८ ग्रॅम, भिरंडेल ७ ग्रॅम, घाण्याचे, सुगंध न घातलेले खोबरेल १५ ग्रॅम. केसांचे सुगंधी खोबरेल नको. थंडीत मेण ६ ग्रॅम आणि खोबरेल १७ ग्रॅम करा. वजन काट्यावरच करा, चमच्याने मापलेले मेण हमखास चुकते.

भिरंडेल आधी वितळवून मलमलीच्या फडक्यातून गाळा, तळाला बियांचा चुरा राहतो. स्टीलची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून आधी मेण वितळवा, त्याला ६२ ते ६४ अंश लागतात. मग भिरंडेल, शेवटी खोबरेल. थेट आचेवर ठेवू नका, तेल करपते. मिश्रणाचे दोन थेंब थंड बशीवर टाका आणि दोन मिनिटांनी बोट फिरवा. बोटाला काहीच लागले नाही तर थोडे खोबरेल घाला, बोट आत रुतले तर थोडे मेण. पसंत पडले की कोरड्या डब्यांत ओता.

मधे खड्डा पडला तर घाबरू नका, मेण थंड होताना आकसते. थोडे मिश्रण राखून ठेवून वरून भरा. बाम रवाळ झाला तर तो फार हळू थंड झाला आहे. पुन्हा पूर्ण वितळवून ओता आणि पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा. बुरशी दिसली तर डबीत पाणी गेले होते, सगळा टाकून द्या. यात गुलाबपाणी, मध, कोरफडीचा गर घालू नका, कारण पाणी आले की टिकवणारे रसायन लागते आणि ते घरी नीट जमत नाही. असा बाम सहा महिन्यांत संपवा. तो उन्हापासून काहीही वाचवत नाही, म्हणून रात्रीसाठीच.

कधी थांबायचे

साधा बाम नीट लावून दोन-तीन आठवड्यांत फरक नाही पडला, तर तो कोरडेपणा नाही असे धरा. तोंडाचे कोपरे पुन्हा पुन्हा चिरत असतील तर तिथे बुरशी किंवा जिवाणू असू शकतात, मागे लोह किंवा ब जीवनसत्त्वाची कमतरता किंवा सैल कवळी असू शकते. खालच्या ओठावर महिनोन्‌महिने खवला, पांढरा डाग किंवा न भरणारी चीर असेल, विशेषतः उन्हात काम करणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या, तर बाम बाजूला ठेवून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) त्वचारोग विभाग आहे. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या पिशवीत घालून न्या, रिकाम्या झालेल्याही. नावे सांगताना माणूस विसरतो, आणि नेमकी विसरलेली ट्यूबच स्टेरॉइडची निघते.